हॉवर पॉपअप बंद केले की चुका दिसत नाहीत, हे खरं नाही

ठाणे, ऐरोली, महापेच्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधले हॉवर पॉपअप, म्हणजे माउस शब्दावर थांबला की उघडणाऱ्या माहितीच्या चौकटी, बंद केले तर चुका कळत नाहीत, डॉक्युमेंटेशन मिळत नाही, नवशिक्यांनी तर त्या सेटिंगला हातही लावू नये. माझ्याकडे शिकणारी मुलं त्यावर विसंबतात, म्हणून हे उत्तर.

आधी चुकांचं. चुकीखाली उमटणारी लाल नागमोडी रेघ वेगळी आणि हॉवरची चौकट वेगळी. चुकांची यादी लँग्वेज सर्व्हर, म्हणजे मागे चालून कोड तपासणारा प्रोग्राम, सहसा आपणहून एडिटरकडे पाठवतो. हॉवरचा मजकूर मात्र माउस शब्दावर थांबला की एडिटर त्याच्याकडे मागतो. ही मागणी बंद केली म्हणून ती यादी यायची थांबत नाही. सेटिंग्जमध्ये 'एडिटर.हॉवर.इनेबल्ड' बंद करा आणि मुद्दाम एक कंस गाळून बघा. रेघ उमटते, कंट्रोल-शिफ्ट-एमने उघडणाऱ्या प्रॉब्लेम्स पॅनलमध्ये चूक दिसते, एफ८ दाबलं की तिचा मजकूर त्या ओळीपाशीच उघडतो.

डॉक्युमेंटेशनही कुठे जात नाही. कर्सर शब्दावर ठेवून कंट्रोल-के, मग कंट्रोल-आय दाबा, तीच चौकट येते. फक्त आपण बोलावल्यावर.

नवशिक्यांबद्दलचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. नवा मुलगा माउस ओळीओळीवर फिरवत कोड वाचतो. चौकट उघडायला मुळात ३०० मिलिसेकंद लागतात. तो जरा विचार करायला थांबला की शेजारचीच ओळ झाकली जाते. टाइपस्क्रिप्ट या भाषेतला गुंतागुंतीचा टाइप (डेटाच्या प्रकाराचं वर्णन) असेल तर चार-पाच ओळी जातात. घोडबंदरहून ऑफिसच्या बसमध्ये टचपॅडवर काम करणाऱ्यांना तर हे प्रत्येक धक्क्याला भोगावं लागतं. फंक्शन काय परत देतं, हे कोडमधून शोधण्याआधीच तयार उत्तर समोर येतं आणि वाचायची सवय लागतच नाही. स्क्रीन मोठी करून बघणाऱ्या, दृष्टी अधू असलेल्यांची अडचण याहून मोठी. वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात म्हणून असलेल्या २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ निकषांत, माउस नेल्यावर उघडणारा मजकूर माउस न हलवता बंद करता यावा, अशी अट आहे ती याच त्रासामुळे.

नवी लायब्ररी हाताळताना हॉवर उपयोगी पडतो, हे मान्य. तेव्हा पूर्ण बंद करू नका, चौकट उशिरा उघडावी म्हणून 'एडिटर.हॉवर.डिले' १००० मिलिसेकंद करा. कंस टाइप करताना येणारी चौकट नको असेल तर ती 'पॅरामीटर हिंट्स'ची, म्हणजे फंक्शनला काय काय द्यायचं ते सांगणारी; तिची सेटिंग निराळी. आणि हे बदल स्वतःच्या यूझर सेटिंग्जमध्येच करा. प्रोजेक्टच्या सेटिंग्ज फाइलमध्ये केलेत तर अख्ख्या टीमवर लादले जातील.