पाच वर्षांचा कॉम्प्युटर भंगारात? जरा थांबा की

गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीतले एक निवृत्त सर आपला सीपीयू रिक्षात घालून माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाले, "बघितलास काय? माझा कॉम्प्युटर आता बंद पडणार म्हणायलेत. नवीन घेऊ काय?"

तो मेसेज मी त्याआधीच चार ग्रुपवर वाचला होता. एक ग्रुप खानापूरचा, एक निपाणीचा, एक तर आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा. त्यात थोडक्यात असं आहे: विंडोज १० संपलं, आता त्यावरचे कॉम्प्युटर बंद पडणार. पाच वर्षांपेक्षा जुनं मशीन म्हणजे भंगार, दुरुस्तीवर पैसा घालू नका. प्रोसेसर झिजतो म्हणून मशीन स्लो होतं. कॉम्प्युटरचा वेग दर दोन वर्षांनी दुप्पट होतो. नवीन घेताना इंटेलचा आय-सेव्हन प्रोसेसरच घ्या. थांबलात तर मागं पडाल.

मी पेंटियम-फोरच्या काळापासून याच धंद्यात आहे. तेव्हा एकेक करून बघू.

विंडोज १० 'बंद पडणार' हे अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा मोफत आधार थांबवला हे खरं आहे. म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबलं. मशीन चालू करायचं कुणी थांबवलेलं नाही, ते कालच्यासारखंच चालू होतं. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची मुदतही दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन-इन करून सेटिंगमध्ये त्याची नोंदणी करता येते, आणि सेटिंगचा बॅकअप त्या खात्यात ठेवलात तर पैसेही पडत नाहीत. मात्र विंडोज १० ची २२-एच-२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. ज्यांचं बँकेचं काम त्याच मशीनवर चालतं त्यांनी ही नोंदणी आजच करावी. अपडेटशिवाय वर्षानुवर्षं नेटवर राहू नये, एवढं त्या मेसेजचं मी मान्य करतो.

आता 'पाच वर्षं' हा आकडा कुठून आला? विंडोज ११ चे नियम बघा. सुरक्षेची टीपीएम २.० चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, आणि इंटेलचा सहसा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आठवी पिढी २०१७ सालची. म्हणजे आठ वर्षांचं मशीनसुद्धा नियमात बसतं. 'तुमचा पीसी चालणार नाही' असा निरोप स्क्रीनवर आला म्हणून घाबरून आलेल्या कितीतरी मशीनांत टीपीएम असतंच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावानं असतं, एएमडीच्या बोर्डावर एफ-टीपीएम. चालू केलं की निरोप गेला. पाच मिनिटांचं काम. त्याचे पैसे घ्यायला मला लाज वाटते. घेतो, खरं लाज वाटते.

सीमाभागातल्या माणसानं तर हे मनावर घेऊच नये. आमचा प्रश्न १९५६ पासून लोंबकळत चाललाय, आणि पाच वर्षांचा कॉम्प्युटर चालत नाही म्हणे.

पुढचा मुद्दा प्रोसेसर झिजण्याचा. रोजच्या वापरात प्रोसेसर झिजून मशीन हळू होत नाही. गंमत अशी की झिजल्याचं मोठं प्रकरण झालं ते नव्याच मालात. जास्त व्होल्टेजमुळं इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर बिघडत होते. २०२४ मध्ये कंपनीनं ते कबूल केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. माझ्याकडं आजही सँडी ब्रिजच्या, म्हणजे २०११ च्या जमान्यातले प्रोसेसर येतात आणि मुकाट्यानं चालतात.

मग मशीन हळू का होतं? बहुतेक वेळा दोषी असते हार्डडिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि सुईसारखा हात पुढंमागं सरकतो. एक तुकडा शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवरची डिस्क. तिला त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढाच लागतो. विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे गोळा करते. म्हणून तोच जुना प्रोसेसर, तोच बोर्ड, फक्त एसएसडी घातली तर माणूस विचारतो, "मशीन बदललं काय वो?" इतकी वर्षं झाली, या प्रश्नाचा आनंद अजून जात नाही.

दुसरा दोषी धूळ. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या गोदामातला सीपीयू मी उघडला तेव्हा पंख्यावर तपकिरी गादी बसली होती. पाच मिनिटं मी नुसता शिंकत होतो. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक तुंबला, त्याखालची पेस्ट वाळली, की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. ब्लोअर आणि नवी पेस्ट एवढ्यावर ते मशीन सुधारलं. खानापूर, जांबोटीकडं उलटी तऱ्हा. तिकडं पावसाळ्यात रॅमच्या टोकांवर ओल धरते आणि मशीन चालूच होत नाही. रॅम काढून शाळेच्या खोडरबरानं टोकं पुसायची, परत बसवायची. आणखी एक, तारीख मागं जाणं. बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला की घड्याळ दहा-पंधरा वर्षं मागं जातं, मग वेबसाईट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत, आणि ग्राहक म्हणतो मशीन जुनं झालं. तो तीन व्होल्टचा सेल बदलला की झालं.

वेग दर दोन वर्षांनी दुप्पट होतो, हे मूर साहेबांच्या नावावर खपवलेलं वाक्य. इंटेलचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये सांगितलं होतं ते चिपवर मावणाऱ्या घटकांच्या संख्येबद्दल. ती दरवर्षी दुप्पट होईल म्हणाले, आणि १९७५ मध्ये स्वतःच ते 'दर दोन वर्षांनी' असं सुधारलं. वेगाचं म्हणाल तर १९९४ चा पेंटियम १०० मेगाहर्ट्झचा होता, २००४ अखेरचा पेंटियम-फोर ३.८ गिगाहर्ट्झचा. दहा वर्षांत ३८ पट! त्यानंतरच्या वीस वर्षांत सगळ्यात जोरात पळणारा ६.२ गिगाहर्ट्झवर गेला, दुप्पटसुद्धा नाही. उष्णता आडवी आली. कोअर (प्रोसेसरच्या आत एकाच वेळी राबणारे भाग) वाढले, एका ठोक्यात होणारं काम वाढलं, ते खरंच आहे. व्हिडिओ एडिटिंगवाल्याला त्याचा फरक कळतो, पत्र टाइप करणाऱ्याला नाही. मला वाटतं ही 'मागं पडाल'ची भीती नव्वदीतल्या त्या दहा वर्षांतून आलेली आहे. तेव्हा तीन वर्षांचं मशीन खरोखरच निकामी व्हायचं. तो काळ गेला, भीती तेवढी राहिली.

आय-सेव्हनचं एका परिच्छेदात सांगतो. आय-थ्री, आय-सेव्हन ही पिढीच्या आतली पायरी, पिढी नव्हे. २०२२ चा आय-थ्री १२१०० हा २०११ च्या आय-सेव्हन २६०० ला सहज मागं टाकतो; कोअर दोघांनाही चारच. लॅपटॉपमध्ये तर आणखी फसगत. आय-सेव्हन ७५००-यू मध्ये दोनच कोअर, आणि त्याच पिढीच्या डेस्कटॉपवरच्या आय-फाईव्ह ७४०० मध्ये चार. खडेबाजारात 'आय-सेव्हन, एकदम स्वस्त' अशी पाटी दिसली तर आधी पुढचा आकडा विचारा, पिढी त्यातून कळते. आणि २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलनं नव्या लॅपटॉपच्या प्रोसेसरांना कोअर अल्ट्रा म्हणायला सुरुवात केली, तेव्हा आय-सेव्हनचाच हट्ट धरणाऱ्याच्या हातात मागचाच माल पडायचा.

'दुरुस्तीवर पैसा घालू नका' म्हणणाऱ्याला मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नेईन. तिथल्या मशीन शॉपमध्ये एका सीएनसीला, म्हणजे प्रोग्रामवर लोखंड कापणाऱ्या मशीनला, विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर, डबाच तो, जोडलेला आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला. त्या डब्याचं काम एकच, नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टमधून मशीनला प्रोग्राम पाठवणं. मालकानं मध्यंतरी हौसेनं नवा लॅपटॉप आणला. त्याला सिरीयल पोर्ट नव्हता, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावला, तो मध्येच अक्षरं गाळायचा. अर्धा प्रोग्राम पोचलेलं मशीन लोखंडाचं काय करतं ते तिथल्या कामगारांना विचारा. शेवटी जुना डबा परत जोडला. मी त्याची नेटची वायर काढून टाकली आणि पेन ड्राईव्ह एकच, तोही तपासलेला, असा नियम घातला. आमच्या डीटीपीवाल्यांचंही तेच. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि यात्रेची हँडबिलं जुन्या फाँटात आहेत. नव्या मशीनवर फाईल उघडली की 'श्री' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँट सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेली छोटी डबी, जुन्या मशीनवरच चालतो, म्हणून ते मशीन देवघरासारखं जपतात.

शिवाय नवीन स्वस्त होत जातं हेही आता खरं राहिलं नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, कारण एआयची डेटा सेंटरं मेमरी उचलतायत. जुनी रॅम नव्यात घालू म्हणाल तर तेही जमत नाही. डीडीआर-थ्री, फोर, फाईव्ह या रॅमच्या पिढ्या, प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी.

आता 'मागं पडाल'. मी रोज पडतो, आणि माझा तर हाच धंदा आहे. खानापूरच्या एका मुलीच्या लॅपटॉपला एसएसडी घालायला मी गेलो होतो. एम-टू म्हणतात ती च्युइंगमच्या पट्टीसारखी. बसली बरोबर, स्क्रूही लागला, मशीनला दिसेना. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, त्या स्लॉटला एनव्हीएमई या नव्या, जलद पद्धतीची चालते आणि मी आणलेली दिसायला तशीच, पण साटा या जुन्या पद्धतीची. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. मी मोजल्याच नाहीत. बेळगावला परत, दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वीस किलोमीटर. तिची आई म्हणाली, "असू दे की, च्या घेऊन जावा." सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, तर विचारूच नका. ११५५, ११५०, ११५१, १२००, १७००, १८५१. आणि ११५१ नाव तेच असून सातव्या पिढीचा बोर्ड आठव्या पिढीचा प्रोसेसर घेत नाही. हे सगळं डोक्यात ठेवायचं काम माझं. सरांना कशाला त्याची धास्ती?

त्यांचं मशीन चौथ्या पिढीचं निघालं, आय-थ्री, रॅम ४ जीबी. विंडोज ११ च्या नियमात ते बसत नाही, हे मी तोंडावर सांगितलं. काम काय करता विचारलं, तर पेन्शनचे कागद, मराठी टायपिंग आणि रविवारी पुण्याच्या लेकीशी व्हिडिओ कॉल. एसएसडी घातली, एका मोडीतल्या मशीनची ४ जीबी रॅम त्यात टाकली, वर्षाच्या मुदतीची नोंदणी केली. "पुढच्या ऑक्टोबरनंतर?" सरांनी विचारलंच, मास्तर ते. तेव्हा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम घालून देतो म्हणालो. मराठी त्यातही टाइप होते, इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीची सवय मात्र केलेली बरी. ते वहीत लिहून घेतलं त्यांनी.

काढलेली हार्डडिस्क भंगारवाल्याला द्यायची म्हणत होते, मेसेजमध्ये तसंच लिहिलंय म्हणून. मी आधी जोडून बघितली. शाळेच्या सहलींचे फोटो, गोकाकच्या धबधब्यापासून किल्ल्यांपर्यंत, फोल्डरावर फोल्डर. यूएसबीच्या डबीत घालून परत त्यांच्या पिशवीत ठेवली.