गावाची परिस्थिती बघायची तर हजेरीपत्रक मागा

गाव सुधारलंय हे ठरवायला आपल्याकडे तीन गोष्टी पुरतात: सिमेंटचा रस्ता, वेशीवरची कमान आणि दारात उभ्या गाड्या. मला हे पटत नाही. सातारा-सांगलीतल्या कुठल्याही गावाचं नेमकं कसं चाललंय हे बघायचं असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जा आणि हजेरीपत्रक मागा. जून ते एप्रिल, सलग. ज्याला वाचता येतं त्याला तलाठ्याच्या दाखल्यापेक्षा त्यात जास्त दिसतं.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातल्या शाळेचं पत्रक घ्या. एखाद्या पोराच्या ओळीत दसऱ्यापर्यंत भरगच्च हजेरी, दिवाळीनंतर मार्चअखेरपर्यंत कोरडी ठाक गैरहजेरी आणि परीक्षेच्या तोंडावर पोरगं पुन्हा हजर. ही ओळ म्हणजे ऊसतोड. आईबापांनी मुकादमाकडून, म्हणजे तोडीला टोळी नेणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते ती पावसाळ्यातच. म्हणजे हे घर हंगामाला जाणार, हे सप्टेंबरपर्यंत सगळ्या आळीला ठाऊक असतं. शाळेच्या कागदावर मात्र ते डिसेंबरात ‘सतत गैरहजर’ म्हणून उमटतं. तोवर दुसरं सत्र हातातून गेलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारची ओळ आठवड्यातून एकदा तुटते, नेमकी बाजाराच्या दिवशी. आईबाप बाजाराला, पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी. तिसरी ओळ सहावी-सातवीतल्या मुलींची: दर महिन्याला दोन-तीन दिवस गायब. अशा शाळेत स्वच्छतागृह बांधलेलं असतं, रंगवलेलंही असतं, पण टाकीत पाणी नसतं म्हणून त्याला कुलूप असतं. टँकरच्या गावात पाणी आधी विहिरीत पडतं, मग घरोघरी जातं. शाळेचा नंबर शेवटचा.

हजेरीपत्रकासोबत पोषण आहाराची वही बघा. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५ ग्रॅम तेल आणि ५० ग्रॅम भाजी, असा हिशेब आहे. चाळीस पोरांना रोज ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २०० ग्रॅम तेल, २ किलो भाजी. वहीत हे आकडे रोज बरोबर जुळतातच. खरी माहिती स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडे असते. सोमवारी पातेल्यात भात किती उरतो आणि गुरुवारी किती, एवढंच त्यांना विचारा. सोमवारी पातेलं खरवडून निघत असेल तर रविवारी काही घरांत चूल कशी पेटली असेल ते समजून घ्या. कुठली घरं, तेही त्या सांगतील, फक्त चारचौघांत विचारू नका.

आता उलटी बाजू. खानापूर-आटपाडी भागात गलाईवाल्यांची घरं बघा. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, इथली माणसं देशभर पसरली आहेत. गावात बंगला, बंगल्यात आजी आणि दोन नातवंडं. सर्वेक्षणात हे घर ‘सधन’ म्हणून जातं आणि विषय संपतो. पाटण-जावळीत तेच चित्र, फक्त बाप गलाईला नसून मुंबईत माथाडी किंवा कंपनीत असतो. पैसा येतो, माणूस येत नाही. पालकसभेला आजी येते, अंगठा देते, जाते. अशा घरातल्या पोराला फीची अडचण नसते. संध्याकाळी त्याची वही उघडून बघणारं कोणी नसतं, ही त्याची अडचण. उत्पन्नाच्या दाखल्यात ती बसत नाही.

आणि बागायती पट्टा? वाळवा, पलूस, कराड. इथं शाळेचा पट घसरला की लोक म्हणतात, शाळेत शिकवत नाहीत. खरं कारण पुष्कळदा उसाच्या बिलात असतं. पैसे आले की पोरगं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्रजी माध्यमाला जातं. मागे राहतात ती शेतमजुरांची आणि बाहेरून आलेल्यांची पोरं. त्यांच्या आईबापांतून शाळा व्यवस्थापन समिती करायची असते: ७५ टक्के पालक, निम्म्या महिला. आणि आपण बैठक ठेवतो सकाळी अकराला! त्या वेळी ती बाई भांगलणीला असते. मग सही नवऱ्याची, नाव तिचं. बैठक संध्याकाळी सातनंतर, धारा काढून झाल्यावर ठेवा. एवढ्या एका बदलाने समिती जिवंत होते, यावर माझा ठाम विश्वास आहे.

याच बागायती गावांच्या शिवारात हंगामात कोप्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. बीडकडच्या टोळ्या असतात, आपल्याच जतच्याही असतात. त्या कोप्यांतली पोरं त्या चार-पाच महिन्यांपुरती त्या गावच्या शाळेचीच पोरं आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयानुसार वर्गात बसवायचं, हे त्यात स्पष्ट आहे. गावाकडच्या शाळेने निघताना शिक्षण हमी पत्रक द्यायचं, इकडच्या शाळेने त्यावर पोराला बसवून घ्यायचं, अशी सोय आहे. अडतं कुठं? पत्रक पेटीच्या तळाशी राहतं, कोपी शाळेपासून दोन-तीन किलोमीटर, मध्ये उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता आणि थोरल्या पोरीच्या कडेवर तान्हं. पत्रकाचा फोटो निघायच्या दिवशीच मुकादमाच्या आणि तिकडच्या गुरुजींच्या मोबाइलवर गेला पाहिजे. आणि तान्ह्याची सोय अंगणवाडीत झाल्याशिवाय थोरली शाळेत येणार नाही, कितीही जनजागृती करा.

म्हणून माझं म्हणणं असं की शाळेच्या टापूची, म्हणजे जिथून पोरं येतात त्या सगळ्या वाड्या-वस्त्यांची, घरोघर पाहणी गावानेच करावी. सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात, टोळ्या हलायच्या आत. जूनमध्ये केली तर सगळे घरीच सापडतात आणि कागदावर स्थलांतर शून्य दिसतं. दोघा-दोघांच्या जोड्या करा: एक अंगणवाडी ताई किंवा आशाताई, सोबत लिहिता येणारं एक तरुण पोर. एका जोडीची संध्याकाळी पंधरा-वीस घरं होतात, दीडशे घरांचा टापू दोन जोड्या चार-पाच संध्याकाळी उरकतात. रेशनकार्डाची यादी घेऊन फिरू नका. कार्डावर आठ माणसं आणि घरात तीन, अशी गत असते. मळ्यात राहायला गेलेली कुटुंबं तर त्या यादीत गावठाणातच दाखवलेली असतात.

उत्पन्न विचारू नका. खरं कोणी सांगत नाही आणि का सांगावं? त्याऐवजी विचारा: डेअरीला किती लिटर दूध जातं? घरातला कर्ता माणूस वर्षातले किती महिने बाहेर असतो? उचल घेतलीय का? बचतगट सोडून आणखी कुठला आठवड्याचा हप्ता आहे का? उन्हाळ्यात पाणी कोण आणतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण उत्तरात बहुतेक वेळा शाळेतल्या मुलीचं नाव येतं. ‘कर्ज किती’ असं विचारलं की दार बंद होतं. ‘हप्ता कुठल्या वारी’ असं विचारलं की माणूस बोलतो.

पाहणी झाली की तीन याद्या निघाल्या पाहिजेत. हंगामाला जाणारी मुलं, ही पहिली. मूल आजीकडे ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे मागे राहिलेल्या पोरांच्या जेवणाची गावातच सोय करण्याचा, प्रस्ताव टोळी जायच्या आधी गेला पाहिजे, नंतर पाठवलेला कागद फिरत राहतो.

दुसरी यादी एकल पालकांच्या मुलांची. बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, पण विधवा आईला हे सांगायला कोणी जात नाही. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, पासबुक एवढे कागद लागतात. बाप मुंबईत वारला असेल तर मृत्यूचा दाखला तिथून काढायचा, तिथेच सहा महिने जातात. आणि पैसे मंजूर होऊन आले नाहीत तर आधी खातं तपासा. आधारला शेवटचं जोडलेलं जे खातं असेल त्यात रक्कम जाते, बाई मात्र जुन्याच पासबुकात नोंद करून घ्यायला चकरा मारते.

तिसरी आठवीच्या मुलांची. एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी महिना १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. कोरडवाहू घराला ही रक्कम मोठी आहे. पण मूल हंगामाला गेलेलं असेल तर परीक्षेच्या दिवशी बाक रिकामा.

या तिन्ही याद्या, नावं झाकून फक्त आकडे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते दरवर्षी शिलाई मशीन आणि सतरंज्यांवर का जातात, हा प्रश्न तिथं विचारता येतो. शाळेच्या टाकीला मोटार आणि नळजोड त्यातून होतो.

पट वीसच्या खाली गेलेल्या शाळांचं काय करायचं, याची चर्चा २०२३ मध्ये समूहशाळांच्या, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी करण्याच्या, निमित्ताने तापली होती, अजून ती थंड झालेली नाही. मी वाड्यांवरच्या शाळा टिकाव्यात या मताचा आहे. जावळीतल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत कोयनेचं पाणी ओलांडून शाळेला जात होत्या, त्याची जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारं अंतर पावसाळ्यात काय असतं, हे मंत्रालयातल्या फूटपट्टीने कळत नाही. सह्याद्रीच्या कुशीत पहिलीचं पोर एकटं ओढा ओलांडू शकतं का, हा खरा निकष.

चौथी-सातवीनंतर मात्र मोठ्या गावाला जावंच लागतं आणि तिथं सगळं एसटीवर येतं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत आहे. पासची तक्रार नसते, वेळेची असते. शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेचारला निघून गेलेली असते. पुढची साडेसातला. वर्षभर हे चाललं की घरचे म्हणतात, बास झालं शिक्षण. आगारप्रमुखांना नुसतं ‘गाडी सोडा’ असं निवेदन देऊन फोटो काढू नका. ग्रामसभेचा ठराव, थांबावार मुलींची संख्या, शाळा भरायची-सुटायची वेळ मुख्याध्यापकांच्या सहीने आणि सध्याच्या फेरीची वेळ, हे सगळं एका कागदावर द्या. नवी गाडी मागू नका, आहे तीच फेरी पाऊण तास पुढे मागा. आणि हे मे महिन्यात करा, शाळा सुरू व्हायच्या आधी. जूनमध्ये गेलात तर वेळापत्रक लागून गेलेलं असतं.