पादचारी पूल नेमके कुणाच्या सोयीचे?

‘पादचारी स्वतःच्याच चुकीने मरतात. वेगमर्यादा उतरवून, सायकल ट्रॅक आखून नुसती कोंडी वाढते. त्यापेक्षा पादचारी पूल बांधा.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. काल तो आईने मला पाठवला, वर ‘पटतंय’ असंही लिहिलं. आईचे गुडघे दुखतात, ती गाडी चालवत नाही. तिच्याच मुळावर येणारा मेसेज तिच्याकडूनच पुढे जावा, याचा मला संताप आला.

आधी पूलच घेऊ. खालून ट्रक-बस जायची तर पूल साधारण 5.5 मीटर उंच हवा. 15 सेंटिमीटरची पायरी धरली तर चढायला 36-37 पायऱ्या, उतरायला तितक्याच. एवढं कशासाठी? समोर दिसणाऱ्या फुटपाथवर पोचण्यासाठी. दिवस भरत आलेल्या बाईने, काठी टेकत चालणाऱ्या आजोबांनी, व्हीलचेअरवरच्या माणसाने काय करायचं? लिफ्ट असते म्हणे. ती बंद पडली की संपलं. मग लोक खालूनच जातात, आणि धडक बसली की ‘चूक त्यांचीच’ म्हणायला सगळे मोकळे. गाडीवाल्याला ब्रेकवर पाय ठेवावा लागू नये म्हणून चालणाऱ्याला दोन मजले चढायला लावायचे, याला सुरक्षा म्हणू नका. रस्त्याच्याच पातळीवर सिग्नल द्या, फुटपाथच्या उंचीचं क्रॉसिंग द्या, दुभाजकात थांबायला जागा द्या.

आता ‘चूक’. मोबाइलमध्ये डोकं घालून रस्ता ओलांडणारे आहेत, मान्य. पण त्या चुकीने माणूस दचकतो की मरतो, हे गाडीचा वेग ठरवतो. समोर अचानक मूल आलं तर ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. ताशी 30 किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर 13-14 मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी 50 ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळपास 14 मीटर पुढे आलेली असते, म्हणजे तिचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. तेवढ्या अंतरावरच्या मुलाला ती पूर्ण वेगाने धडकते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वेग 50 वरून 65 वर गेला की धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचारपट होतो. ऑस्लोने वेग उतरवले, शहराच्या मध्यातलं रस्त्यावरचं पार्किंग काढलं. 2019 मध्ये तिथे एकही पादचारी किंवा सायकलस्वार अपघातात मेला नाही.

कोंडीचं म्हणाल तर गर्दीच्या वेळी गाड्या सिग्नलला अडकतात, वेगमर्यादेमुळे नाही.

सायकल ट्रॅकबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. नुसता पांढरा पट्टा ओढला की तासाभरात त्यावर गाड्या उभ्या राहतात. पण त्यावर उपाय ट्रॅक रद्द करणं हा नाही. कठडा घाला, आणि ट्रॅक चौकाच्या अलीकडेच संपवू नका, चौकातून पलीकडे न्या. सायकलवाल्याला वळणारी गाडी तिथेच ठोकते.