आजीचे नाव घेऊन आजीचीच शिस्त मोडू नका

श्रावण अर्धा सरला की बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. त्याचा सारांश असा : पूर्वीची माणसे विहिरीचे पाणी पीत, राखेने हात धूत आणि तरी ठणठणीत असत, थोडी घाण पोटात गेली की प्रतिकारशक्ती वाढते, हे शास्त्रज्ञांनीही मान्य केले आहे, लिंबू, चिंच आणि तिखट असेल तिथे जंतू टिकत नाहीत, उरलेले अन्न पुन्हा उकळले की शुद्ध होते, आणि पोट बिघडलेच, तर एक दिवस पाणीसुद्धा बंद ठेवावे. गणपती तोंडावर आले आहेत, पोळापोळांतून, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यागल्ल्यांतून, महाप्रसादाच्या याद्या निघू लागल्या आहेत, म्हणून या संदेशाला वेळीच उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पूर्वीची माणसे ठणठणीत होती असे आपल्याला वाटते, कारण आठवणी सांगायला जी मागे उरली ती ठणठणीतच होती. जी लहानपणीच गेली त्यांची नावेही घरात कोणी घेत नाही. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळानंतर, प्लेग आणि पटकीनंतर (कॉलऱ्यानंतर), १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली होती. फार मागे जायचे नसेल तर १९७१ पाहा : त्या वर्षी भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आतच दगावत होती, २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. याचे सारे श्रेय स्वच्छतेचे नाही, लसींचा आणि औषधांचा त्यात मोठा वाटा आहे, पण जुना काळ निरोगी होता हे म्हणणे मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही. विहिरींचे पाणी पुरेसे आणि निर्धोक असते, तर सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून शहरात नळाने पाणी आणण्याचा खटाटोप कशाला केला असता?

शिवाय संदेश लिहिणाऱ्याने जुनी माणसे नीट पाहिलेली दिसत नाहीत. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीच्या तांब्याच्या घागरीजवळ भिंतीवर खुंटी होती आणि त्या खुंटीला ओगराळे टांगलेले असे. घागरीत भांडे किंवा बोटे बुडवलेली तिला खपत नसत; पाणी ओगराळ्यानेच काढायचे आणि ते पुन्हा खुंटीवर अडकवायचे. बाहेरून आलेल्या माणसाने मोरीत हातपाय धुतल्याखेरीज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. एका जेवणापुरतेच रांधायचे आणि रात्री उरलेला भात गाईला घालायचा. सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर ठेवण्याचा जो अन्याय झाला त्याचे समर्थन मी करणार नाही, पण पाण्याची आणि ताज्या अन्नाची ही शिस्त निखळ आरोग्याची होती. राखेविषयीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे : चुलीतली कोरडी, स्वच्छ राख हातावरची घाण घासून काढते, आणि जिथे साबण मिळत नाही तिथे ती काहीच न लावण्यापेक्षा बरी. साबण मात्र तेलकट थर सोडवतो आणि त्याला चिकटलेले जंतू पाण्याबरोबर वाहून नेतो. त्यासाठी वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली, हात चोळावे लागतात. नीट हात धुण्याच्या सवयीने अतिसाराचे प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी घटते असे निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले आहे.

'शास्त्रज्ञांनीही मान्य केले आहे' या वाक्यामागे एक खरी गोष्ट आहे, पण ती मोडतोड करून सांगितली आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने दाखवले की मोठ्या कुटुंबांत, भावंडांबरोबर वाढलेल्या मुलांना परागकणांची ॲलर्जी कमी होते. ती चर्चा ॲलर्जीची होती. मातीत खेळणे, जनावरांजवळ वाढणे यांचा त्यातून विचार झाला. गटाराचे पाणी पोटात गेल्याने विषमज्वर (टायफॉइड) होत नाही, असे कोणी म्हटलेले नाही. विषमज्वर एकदा होऊन गेलेल्या माणसालाही पुन्हा होतो. हिपॅटायटिस ए या काविळीबाबत संदेशाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ती लहानपणी झाली तर बहुधा लक्षणांशिवाय निघून जाते आणि नंतर आयुष्यभर संरक्षण देते. परंतु तिच्यावर लस आहे, तेव्हा घाणीचा मार्ग धरण्याचे कारण उरत नाही. त्याच दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ईची कावीळ पसरते आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती आईच्या जिवावर बेतू शकते.

लिंबू-चिंचेचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते, ते हमखास मरत नाहीत. आपल्या सेव-उसळीतली धगधगती तर्री बरीचशी सुरक्षित असते ती तिखटामुळे नव्हे, उकळत असल्यामुळे. धोका असतो तो वरून घातलेल्या कापून ठेवलेल्या कांद्यात, चटणीत आणि प्यायच्या पाण्यात.

आता पुन्हा उकळण्याचा मुद्दा. महाप्रसादाच्या दृष्टीने संदेशातला हाच सर्वांत घातक भाग आहे. एका मंडळाच्या मांडवामागे मी स्वतः पाहिलेले सांगतो. मसालेभाताचे मोठे पातेले सकाळी अकराला चुलाण्यावरून उतरवले, झाकण ठेवून वर ओले फडके टाकले, आणि आरती लांबल्यामुळे ते उघडले रात्री साडेआठला. झाकणाच्या आतून वाफेचे थेंब गळत होते, कडेचा भात गार झाला होता आणि मधोमध हात घातल्यावर नुकते कोमट लागत होते. ते कोमटपण म्हणजेच जंतूंची सुगी. भाताबरोबर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू येतात आणि शिजवण्याने ते मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांतले काही प्रकार उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष प्रेशर कुकरच्या उष्णतेलाही दाद देत नाही. म्हणजे रात्री भात कडकडीत तापवला तरी जंतू मरतील, विष तसेच राहील, आणि जेवणानंतर अर्ध्या ते सहा तासांत पंगतीतली माणसे ओकू लागतील. बासुंदी, श्रीखंड यांच्या बाबतीत असेच विष स्टॅफिलोकॉकस हा जंतू करतो. तो धडधाकट माणसांपैकी चौथ्या-पाचव्या माणसाच्या नाकात असतो आणि हातावरच्या चिरलेल्या, पिकलेल्या जखमेत तर बहुधा असतोच. म्हणून ज्याच्या बोटाला जखम आहे त्याने त्या दिवशी वाढप्याचे किंवा चक्का फेटण्याचे काम घेऊ नये, यात कमीपणा काही नाही.

उपाय अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्याप्रमाणे शिजलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये. ते एक तर साठ अंशांच्या वर गरम ठेवावे, नाही तर लवकर थंड करून पाच अंशांच्या खाली न्यावे. एवढा मोठा फ्रिज मंडळाकडे नसतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा भात दोन घाण्यांत करावा, दुसरा घाणा आरती सुरू होताना चढवावा. घरी उरलेला भात पातेल्यात न ठेवता परातीत पसरून निववावा आणि मग डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा.

राहिला पाणी बंद ठेवण्याचा सल्ला. जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेले पाणी तोंडाने पाजायला लावले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्या छावणीत चार टक्क्यांच्याही खाली आले. ओआरएसची, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या मिश्रणाची, पुडी घरात असावी आणि तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती पूर्ण विरघळवावी, कारण लिटरभराची पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. पुडी नसेल तर उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे आणि घोटाघोटाने पाजत राहावे. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, शौचात रक्त दिसले किंवा मूल गळून पेंगू लागले, तर घरचे उपाय थांबवून त्याला तडक दवाखान्यात न्यावे आणि वाटेतही ते पाणी पाजत राहावे.