60 हजार विचार मोजले कोणी, भाऊ?

आमच्या जळगावच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरून राहिलाय. माणसाच्या डोक्यात दिवसाला 60 हजार विचार येतात, त्यातले 80 टक्के निगेटिव्ह, 95 टक्के कालचेच शिळे, आणि हे अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने सिद्ध केलंय म्हणे. खाली कुठल्यातरी माइंड पॉवर शिबिराची जाहिरात. नानांनी तर हात जोडून फॉरवर्ड केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो, नाना राग मानू नका.

पहिला तो 60 हजारांचा आकडा. माणूस 16 तास जागा धरला तर 57 हजार 600 सेकंद होतात, म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त विचार. बरं, पण एक विचार म्हणजे केवढा? केळीचा घड असता तर फण्या मोजून सांगितलं असतं. स्टँडवर चोपड्याच्या गाडीची वाट बघत उभा आहे, कंडक्टर दिसला, सुट्टे आहेत का ते आठवलं, हात खिशात गेला, तेवढ्यात भज्यांचा वास आला आणि आत कुठेतरी आईच्या रिपोर्टची धाकधूक चालूच, हे किती झाले सांगा? एक, चार, की एकही नाही, कारण यातलं निम्मं शब्दात आलंच नाही? हे ठरवल्याशिवाय मोजणार काय, आणि मेसेजात नेमकं तेच नाही, ना संशोधनाच्या पेपरचं नाव, ना मोजायची पद्धत. ती फाउंडेशन मुळात संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था आहे, स्वतः प्रयोग करणारी नव्हे.

कॅनडाच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत ज्युली त्सेंग आणि जॉर्डन पॉपेंक यांनी 2020 मध्ये स्कॅनरमधून मेंदूची अवस्था कधी पालटते ते पकडलं, मिनिटाला साधारण साडेसहा वेळा, त्यावरून दिवसाचे 6 हजारांच्या वर. म्हणजे मेसेजच्या एक दशांश! आणि त्यांनीही पालट मोजले, त्या पालटात माणूस कशाचा विचार करत होता ते स्कॅनर सांगत नव्हता.

दुसरं, शिबिराच्या जाहिरातीतलं 'डोक्यातली बडबड बंद करा'. सगळ्यांच्या डोक्यात बडबड असते हे गृहीत कसं धरलं? लास वेगासचे मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट 1970च्या दशकापासून लोकांना बीपर देतात, तो दिवसात केव्हाही वाजतो, वाजायच्या अगदी आधीच्या क्षणाला मनात काय होतं तेवढंच टिपायचं, मग चोवीस तासांच्या आत ते खोदून खोदून विचारतात. का वाटलं, नेहमी काय वाटतं, असलं काही नाही, फक्त तो एक क्षण. त्यांच्या एका अभ्यासात आतलं बोलणं सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपासच्या क्षणांत सापडलं, काहींच्यात एकदाही नाही. बाकी वेळी चित्र, अंगातली भावना, एखादा रंग किंवा स्पर्श, नाहीतर ना शब्द ना चित्र असा नुसता विचार. काहींना तर मनात चित्रच दिसत नाही, डोळे मिटून वांग्याचं भरीत आठवा म्हटलं तर भरीत काय असतं ते माहीत आहे पण दिसत काही नाही, त्याला 2015 मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी अफँटेशिया नाव दिलं. अशा माणसाला शिबिरात 'यश डोळ्यांसमोर आणा' सांगितलं तर तो बिचारा काय करेल?

80 टक्के निगेटिव्हचं थोडक्यात. 2010 मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2250 लोकांना मोबाईलवर मधूनच विचारलं, आत्ता मन कुठे आहे. जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, पण भटकलेलं मन 42.5 टक्के वेळा चांगल्या विषयावर, 26.5 टक्के वेळा वाईट विषयावर आणि बाकी वेळा ना इकडे ना तिकडे. 80 कुठे आहे यात?

आता शेवटचं, ग्रुपवर एका भाच्याने टाकलंय की माणसाचं सांगणं भरवशाचं नाही मामा, सरळ एमआरआय काढा. अर्धं बरोबर आहे त्याचं. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 च्या लेखात दिलंय, चार जोड अगदी एकसारखे पायमोजे मांडले, लोकांनी सगळ्यात जास्त उजवीकडचा निवडला, आणि कारण विचारलं तर जागेचं नाव आपणहून कोणी काढलं नाही. पण चुकलं ते कारण सांगण्यात. क्षणाला काय जाणवलं हे वेगळं, ते का जाणवलं हे वेगळं, आणि हर्लबर्ट 'का' विचारतच नाहीत ते याचसाठी. (आपल्या अमळनेरला 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तत्त्वज्ञ के. सी. भट्टाचार्य तिथे संचालक होते, जाणणारा 'मी' हाच त्यांचा विषय, आणि आपण हे शिबिरवाल्यांकडून शिकून राहिलो.) राहिला एमआरआय. स्कॅनमधला अमुक पॅटर्न म्हणजे दुखणं, हे तरी कसं कळलं? मशीनमध्ये आडव्या पडलेल्या कोणाला तरी विचारूनच ना, की दुखतंय का, कुठे, आणि शून्य ते दहात केवढं.