बाळाच्या हृदयातला पांढरा ठिपका कॅल्शियमच्या गोळ्यांनी येत नाही

‘पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका दिसला तर समजा, बाळ मतिमंद होणार. आईने खाल्लेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांचा तो खडा असतो. गोळ्या ताबडतोब बंद करा. डॉक्टर हे सांगणार नाहीत. दहा गरोदर बायकांना पाठवा.’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. पुढे त्यात डबल मार्कर (तिसऱ्या महिन्यात आईच्या रक्तावरून बाळातल्या दोषाची शक्यता काढणारी तपासणी), सुईची तपासणी, सोनोग्राफीचे किरण आणि गर्भपाताचा कायदाही कोंबला आहे. माझ्या भाचीच्या रिपोर्टमध्ये नेमका हाच ठिपका निघाला आणि त्याच संध्याकाळी हा मेसेज तिच्या सासरच्या ग्रुपवर आला. सासूबाईंनी तो काळजीपोटीच टाकला असणार. पण पोरीने गोळ्या बंद केल्या, आणि मला फोन आला तो ‘मावशी, माझ्यामुळेच झालं का गं हे?’ असा, रडत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. तरी या मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर देणं मला भाग आहे.

आधी गोळ्यांचं, कारण सगळ्यात घातक तेच आहे. रिपोर्टमध्ये या ठिपक्याला ‘इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस’ म्हणतात. हृदयाच्या झडपा दोऱ्यांनी ज्या छोट्या स्नायूंना बांधलेल्या असतात, त्या स्नायूत खनिजाचा बारीकसा कण साठतो आणि तो पडद्यावर हाडाइतका पांढरा चमकतो. बहुतेक वेळा तो डाव्या कप्प्यात दिसतो. त्याने झडप अडत नाही, रक्ताला अडथळा होत नाही, हृदयाचं काम बिघडत नाही. साधारण शंभरातल्या तीन ते पाच निरोगी बाळांत तो दिसतो, आणि आशियाई वंशाच्या बायकांच्या बाळांत त्याहून जास्त. आईच्या रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. दोन गोळ्या खाल्ल्या म्हणून ते बाळाच्या हृदयात जाऊन खडा होत नाही.

आणि गोळ्या बंद केल्या तर? बाळाच्या हाडांना नऊ महिन्यांत जवळपास ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं, त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. आईच्या खाण्यातून ते मिळालं नाही तर तिच्या हाडांतून काढलं जातं. शिवाय आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांना ते देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते ती गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाच्या, धोका कमी करण्यासाठी. आपल्या सरकारी दवाखान्यांतही चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात ती उगाच नाही. ज्या आजारात आई आणि बाळ दोघं दगावू शकतात, त्यापासून जपणारी गोळी एका निरुपद्रवी ठिपक्याच्या भीतीने बंद करायला सांगणं हा गुन्हा आहे, मग पाठवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. गोळ्यांबद्दल सांगण्यासारखं खरं एवढंच की लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं. ते मात्र मेसेजमध्ये नाही.

‘ठिपका म्हणजे मतिमंद बाळ.’ ही समजूत कुठून आली ते कळतं. पूर्वी हा ठिपका डाऊन सिंड्रोमच्या, म्हणजे बौद्धिक वाढ मंदावणाऱ्या एका जन्मजात दोषाच्या, खुणांत धरत, कारण तशा बाळांत तो थोडा जास्त आढळायचा. पण खूण वेगळी आणि आजार वेगळा. अमेरिकेतल्या ‘सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिन’ने २०२१ मध्ये अशा खुणांबद्दल सविस्तर मार्गदर्शन काढलं. त्यात स्वच्छ म्हटलं आहे: ठिपका एकटाच असेल, बाकी स्कॅन नीट असेल आणि आधीची रक्ततपासणी (डबल मार्करसारखी) कमी धोका दाखवत असेल, तर तो निरोगी बाळांत दिसणाऱ्या साध्या फरकांपैकीच समजावा, त्यासाठी पुढची कुठलीही तपासणी नको. आधी रक्ततपासणी झालीच नसेल, तर ती करायची का, याची चर्चा करावी. एवढंच. सोनोग्राफीत कधीकधी दिसणाऱ्या, मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्ससच्या (मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या भागाच्या) ‘गाठी’लाही हेच लागू आहे. ती गाठ म्हणजे पाण्याचा फुगा. शंभरात एक-दोन बाळांत दिसतो आणि २८व्या आठवड्याच्या सुमारास बहुतेकदा विरून जातो.

सगळ्याच खुणा मात्र इतक्या सौम्य नसतात, हेही सांगायला हवं. आतडं हाडासारखं पांढरं दिसणं, मानेमागची घडी जाड असणं, नाकाचं हाड न दिसणं यांचा पाठपुरावा करावाच लागतो. किडनीतली सूज बहुधा आपोआप जाते, पण तीही पुन्हा बघतात. ‘काही नाही, सोडून दे’ हा सल्लासुद्धा मेसेजइतकाच आंधळा ठरू शकतो.

‘डबल मार्कर पॉझिटिव्ह म्हणजे बाळात दोष.’ नाही. ती तपासणी होय-नाही सांगतच नाही, शक्यता सांगते. समजा १:१८०, म्हणजे १८०त एक, आलं. बऱ्याच लॅबमध्ये २५०त एकाहून जास्त धोका पॉझिटिव्ह धरतात, म्हणून लाल अक्षरात येतं. पण त्याचा अर्थ असे आकडे आलेल्या १८० बायकांत १७९ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नाही. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी) जोडलं तरी शंभर निरोगी बाळांतल्या पाचेकांच्या आयांना पॉझिटिव्ह येतंच. उलट १:२००० म्हणजेही शून्य नव्हे. आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी कितीतरी अचूक आहे, पण तिच्यात तपासला जाणारा डीएनए मुख्यतः वारेतून आलेला असतो, थेट बाळाचा नाही. म्हणून तीही पॉझिटिव्ह आली तर पक्कं निदान सुईने काढलेलं गर्भजल तपासून करतात.

त्या गर्भजल तपासणीबद्दल मेसेज म्हणतो, ‘सुई टोचली की निम्मी बाळं जातात.’ धादांत खोटं. सरावलेल्या हातांनी, पंधराव्या आठवड्यानंतर केली तर तपासणीमुळे वाढणारा गर्भपाताचा धोका अलीकडच्या एकत्रित अभ्यासांत हजारात एक ते तीन इतका दिसतो. धोका आहे, तो समजून घ्यावा, पण खरा आकडा समजून.

सोनोग्राफीत ‘किरण’ नसतात, आवाजाच्या लहरी असतात. ‘त्या किरणांनी ठिपका येतो’ हे निव्वळ बाष्कळ आहे.

‘डॉक्टर पैशांसाठी घाबरवतात.’ यात अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करताना मला त्रास होतो. एकट्या ठिपक्यावरून हजारो रुपयांची तपासणी लिहून देणारे आहेत. त्याहून जास्त सापडतं ते मौन. सोनोग्राफी करणारे रिपोर्ट हातात देतात, ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणतात, आणि डॉक्टरांची वेळ मिळते चार दिवसांनी. मधल्या चार रात्री ती बाई इंग्रजी शब्द गुगलवर टाकत बसते. असले मेसेज त्याच दिवसांत पसरतात. तिथल्या तिथे दोन मिनिटं थांबून ‘हा ठिपका एकटाच आहे, बाकी हृदय नीट आहे’ एवढं सांगायला काय लागतं?

शेवटचा मुद्दा कायद्याचा. ‘वीस आठवड्यांनंतर काही करता येत नाही, म्हणून याच आठवड्यात निर्णय घ्या.’ हा कायदा २०२१ मध्ये बदलला. गर्भात गंभीर व्यंगाची शक्यता असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत परवानगी मिळू शकते, आणि गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर त्यानंतरही. एकट्या ठिपक्यावर असला निर्णय घ्यायचा प्रश्नच नाही, पण ज्यांच्या रिपोर्टमध्ये खरंच काही गंभीर आहे त्यांना नीट तपासून, दुसरं मत घेऊन ठरवायला वेळ आहे. त्यांना घाईला लावू नका.

वाट बघणं कठीणच असतं. एनआयपीटीच्या रिपोर्टला आठवडा-दहा दिवस लागतात, गर्भजलाच्या पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडेही. त्या काळात ‘काय निघालं?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर द्यायचं काम नवऱ्याने किंवा आईने अंगावर घ्यावं, तिला दहा जणांना तेच ते सांगायला लावू नये. डॉक्टरांकडे जाताना एनटी स्कॅन, डबल मार्कर आणि पाचव्या महिन्याचा रिपोर्ट असे तिन्ही कागद सोबत न्यावेत आणि विचारावं: ही खूण एकटी आहे का? आधी धोका किती होता, आता किती झाला? पुन्हा स्कॅन हवं असेल तर कधी, आणि त्यात काय बघणार? उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत, कारण घाबरलेल्या माणसाला घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं आठवत नाही. दोन-तीन खुणा एकत्र असतील तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. आणि चालू गोळ्यांपैकी एकही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, बंद करू नये.