बाराच भाग का केले?

पक्याने आल्या आल्या निकालच लावला. "अमेरिकन कॉमेडी म्हणजे मागून हसण्याचा आवाज आणि शेवटी गळाभेट. विनोद करावा तो इंग्रजांनी." पक्या 'फॉल्टी टॉवर्स' या बीबीसीच्या हॉटेलवरच्या विनोदी मालिकेचा भक्त. एकूण बाराच भाग, सहा १९७५चे आणि सहा १९७९चे, त्यामुळे भक्ती फार महागात पडत नाही.

"अरे, हसण्याचा आवाज तुझ्या फॉल्टी टॉवर्सलाही आहे," केतकी म्हणाली. "हॉटेलमालक बेसिल त्या वेटर मॅन्युएलच्या टाळक्यात हाणतो तेव्हा मागून कोण हसतं, तुझी आजी?"

"ते स्टुडिओतले खरे प्रेक्षक."

"मग 'फ्रेंड्स'समोर काय पुतळे बसवले होते? तेही प्रेक्षकांसमोरच शूट व्हायचं."

नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "दोघंही 'मॅश' विसरताय. कोरियन युद्धातलं लष्करी इस्पितळ. सीबीएस या अमेरिकन चॅनेलने त्याला डब्यातलं, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं, हसू जोडायला लावलं. निर्माते भांडले, पण पदरात काय पडलं? तर ऑपरेशन चालू असताना तेवढं हसू नको. तीच मालिका बीबीसीने दाखवली ती हसू काढून टाकून."

"बघा! अभिरुची!" पक्या.

इथे मला तोंड घालावंच लागलं. अभिरुची, स्वभाव हे सगळं नंतर, आधी पैसा कुठून येतो ते बघा. बीबीसी चालते टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरलेल्या लायसन्स फीवर, मध्ये जाहिराती नाहीत. एक-दोन लेखक, सहा भाग, विषय संपला. फॉल्टी टॉवर्स जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या नवरा-बायकोने लिहिली. दुसरी सहा येईपर्यंत त्यांचा घटस्फोट झाला होता, तरी लिखाण जोडीनेच. अमेरिकेतल्या मोठ्या चॅनेलांना मात्र वर्षाला बावीस-चोवीस भाग लागायचे, त्यासाठी खोलीभर लेखक बसवलेले. खरी कमाई पुढेच. शंभरेक भाग साठले की गावोगावची चॅनेलं ते रोज दाखवायला विकत घेणार. आता रोज संध्याकाळी घरात येणारा माणूस लोकांना आवडायलाच हवा. दोन दिवसांचा पाहुणा खवचट असला तरी आपण खपवून घेतो.

"पुरावा?" पक्याने विचारलं.

पुरावा 'द ऑफिस', एका कचेरीची आणि तिथल्या बॉसची मालिका, आधी इंग्रजांनी केली, मग अमेरिकनांनी. ब्रिटिश ऑफिस स्लाऊमधलं, २००१ ते २००३, बारा भाग आणि वर नाताळचे दोन. अमेरिकन ऑफिस स्क्रँटनमधलं, २००५ ते २०१३, भाग २०१. अमेरिकनांचा पहिला भाग जवळजवळ इंग्रजांची नक्कल, आणि त्यातला बॉस मायकल स्कॉट मूळच्या बॉस डेव्हिड ब्रेंटइतकाच असह्य. दुसऱ्या सीझनपासून त्याचे केस बदलले आणि स्वभावही. माणूस मूर्खच राहिला, पण मनाचा चांगला झाला.

"आर्ट शो आठवतो?" केतकी लगेच म्हणाली. अमेरिकन ऑफिसातली रिसेप्शनिस्ट पॅम, तिच्या चित्रांचं छोटंसं प्रदर्शन. ऑफिसातला एक सहकारी येतो, तोही मित्राबरोबर चित्रांना नावं ठेवून जातो. ती चित्रं उतरवायला लागते तेव्हा मायकल धावत पोचतो. तिने जलरंगात काढलेली आपल्या ऑफिसची साधी इमारत बघतो आणि विचारतो, केवढ्याला? त्याला ती खरंच विकत हवी असते. पॅम त्याला मिठी मारते. "मी रडले होते," केतकी म्हणाली.

"रडायला कॉमेडी कशाला लागते?" पक्या. "ब्रेंटला नोकरीवरून काढतात तेव्हा त्याच्या अंगावर काय असतं? शहामृगाचा पोशाख. तो शहामृगावर स्वार झालाय असं दाखवणारे खोटे पाय दोन्ही बाजूंना लोंबतायत, आणि समोर बसलेले दोघं त्याला शांतपणे सांगतात, तुझी जागा रद्द झाली. पुढच्या भागात तो अक्षरशः गयावया करतो, काढू नका म्हणून. कोणी मिठी मारत नाही."

माझ्या मते ब्रेंटचा प्रसंग मोठा. पण तो मी मुद्दाम लावून पुन्हा बघणार नाही. आर्ट शो मात्र कधीही लावा, बसेन. दोनशे भाग असे चालतात.

नानांना हिशेब पटला नव्हता. "मग 'लास्ट ऑफ द समर वाइन'? इंग्रजच. १९७३ ते २०१०, भाग २९५, आणि सगळे एकट्या रॉय क्लार्कने लिहिलेले."

"पण नाना, तुम्हीच सांगा," मी विचारलं, "त्यात खवचट कोण आहे? यॉर्कशायरच्या टेकड्यांवर पोरकटपणा करत हिंडणारे तीन म्हातारे. भाग वाढले तिथे इंग्रजही मवाळ झाले." उलट बाजूने 'व्हीप' घ्या. एचबीओची मालिका, म्हणजे वर्गणीचा पैसा, जाहिरात नाही, वर्षाला फार तर दहा भाग. करणारा आर्मांडो इयानुची, ज्याने आधी बीबीसीसाठी राजकारणावरचीच 'द थिक ऑफ इट' केली होती. त्यातली सेलिना मायर अमेरिकेची उपराष्ट्राध्यक्ष, आणि इतकी आपमतलबी की ब्रेंट तिच्यापुढे संत वाटावा. अमेरिकनांना कडू जमत नाही असं नाहीच मुळी.

राजकारण आलं म्हटल्यावर नाना खुलले. ते मंत्रालयातून निवृत्त झालेत, त्यामुळे मंत्री जिम हॅकर आणि त्याला गुंडाळणारा सचिव सर हम्फ्री यांची ब्रिटिश मालिका 'येस मिनिस्टर' त्यांना विनोदी वाटत नाही. आपल्याकडे २००१मध्ये फारुख शेखला घेऊन तिची 'जी मंत्रीजी' झाली होती, ती त्यांनी ऑफिसच्या डब्याबरोबर चघळली. "सर हम्फ्रीला बदलायची गरजच नव्हती, फक्त सफारी घालायचा," ते म्हणाले.

"आणि 'साइनफेल्ड'चं काय?" केतकीने मला गाठलंच. एनबीसी हे अमेरिकन चॅनेल, जाहिराती, १८० भाग, आणि चौघांपैकी एकही सुधारत नाही. मिठी नाही, धडा नाही, हा तर ती मालिका रचणाऱ्या लॅरी डेव्हिडचा नियमच.

हे माझ्या हिशेबात बसत नाही. एवढंच म्हणता येईल की ती शिरली मागच्या दाराने. १९८९चा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, चाचणीत आपटला, मग चॅनेलने जेमतेम चार भागांची ऑर्डर दिली. कोणाचं फार लक्ष नव्हतं. लक्ष गेलं तोवर ती पैसे ओतत होती, आता कोण सांगणार मिठी मारा म्हणून?

"पण शेवटी घाबरलेच ना," पक्या म्हणाला. "१९९८च्या शेवटच्या भागात चौघांना कोर्टात उभं करून वर्षभर तुरुंगात टाकलं. पापाची शिक्षा!"

नाना उठले, खिशातून सुटे काढून टपरीवाल्याला दिले. "इंग्रजांनी तुरुंगात नसतं टाकलं," ते म्हणाले. "जिम हॅकरचा काय केला? पंतप्रधान केला."